ताईंनी चोखलेले केक पॉप

दुपारचं एक डोक्यातून जात नाहीये. लिहून टाकलं तर जाईल, म्हणून इथे लिहिते.

आज लेकीचा वाढदिवस. गल्लीतल्या पोरांसाठी केक पॉप घरीच केले. केकच्या चुऱ्याचे गोळे काडीला लावून चॉकलेटमध्ये बुडवले, वर रंगीत गोळ्या भुरभुरल्या. धुळ्याच्या उन्हात ते सुकेनात. मग ताईंनी, म्हणजे माझ्या नणंदबाईंनी, जळगावहून आणलेल्या भरताच्या वांग्यांत काड्या खोचल्या आणि वांगी फ्रिजमध्ये ठेवली.

थोड्या वेळाने पाहते तर ताई एकेक पॉप काढून वरचं चॉकलेट चोखताहेत आणि गोळा परत वांग्यात खोचताहेत. एक अख्खं वांगं तशा ओल्या, बोडक्या गोळ्यांनी भरलेलं.

"ताई, हे काय?"

"मला आतला केक नाही आवडत. परत बुडव चॉकलेटात. पोरेसले काय समजस?"

ते वांगं मी बाजूला ठेवलं. बाकीचे पॉप पोरांनी खाल्ले. निघताना ताई म्हणाल्या, "माझ्या नातवाला दे ना थोडे बांधून."

मी तेच वांगं पुढे केलं.

त्यांनी नाक मुरडलं. "शी, हे उष्टे आहेत. नातवाला देऊ का मी?"

म्हणजे उष्टं त्यांनाही कळतं. फक्त गल्लीतल्या पोरांच्या वेळी कळत नव्हतं.

तुमच्याकडे आहे का असं कुणी?