फरशीवर मोजलेली पावले

हे दयाघना, मुंगीच्या पायी तुझीच चाल आहे आणि पांगळ्याच्या काठीत तुझाच आधार आहे. या वाणीला बळ दे. राग येईल तो खरा असू दे, प्रेम उरेल ते पुरे असू दे. कारण आज जो सांगायचा आहे तो राजा नव्हे, साधूही नव्हे. तो फरशी बसवणारा एक कारागीर आहे. सोबतचे गवंडी त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठली की नाही हे पाहायला वजन बांधून सोडतात ती दोरी म्हणजे ओळंबा. आणि या माणसाला वाकडी रेघ सोसत नसे, वाकडा शब्दही सोसत नसे.

असा हा ओळंबा दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. कठडा लावा, असे त्याने ठेकेदाराला तीनदा बजावले होते. खुबा मोडला, मांडी मोडली, आत सळई बसली. ठेकेदार भेटीला आला तो चार केळी घेऊन, आणि "तोल सांभाळायचा ना, मिस्त्री," एवढे ज्ञान वाटून गेला. चोर तो चोर, वर शिरजोर!

पाच महिने अंथरुणात गेले. मग घरी आल्यावर हाती स्वतःचा वॉकर आला. तो पुढे सरकवायचा, मग दुखरा पाय, मग धड पाय. तो आधी होता त्या रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात असा वॉकर एकच होता आणि माणसे बारा. आपली पाळी येण्याची वाट पाहत ओळंब्याने छताकडे बघत दिवसच्या दिवस काढले होते. म्हणून, त्याच वॉर्डाला वॉकर मिळावेत यासाठी एका सेवासंस्थेने महिनाभर चालण्याचा उपक्रम काढला, तेव्हा त्याने नाव दिले. जो जितका चालेल, तितकी त्याचे शेजारी-सोयरे देणगी देणार होते.

त्याची बायको शिवणकाम करी. तिने मशीन थांबवले.

"अहो, न्हाणीघरापर्यंत जाताना घाम फुटतो तुम्हाला!"

"फुटतोच आहे ना? मग कुणाच्या तरी कामी येऊ दे."

संध्याकाळपर्यंत तिच्या हातून वॉकरच्या मुठींवर जाड कापडाच्या गाद्या शिवून झाल्या होत्या.

संस्थेने प्रत्येकाच्या मनगटावर पावले मोजणारे यंत्र बांधले. ओळंबा राहत्या इमारतीच्या गॅलरीत चालू लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फुटी वीस फरश्या, कडेला एकेक कापलेला तुकडा. मध्येच तो थांबे, वॉकरचा पाय फरशीवर आपटून कान देई आणि कळवळे, "पोकळ! खाली माल भरलाच नाही मेल्यानं."

"चालायला सोडलंय तुम्हाला," दारातून बायको ओरडे, "तपासणीला नाही!"

आठवा दिवस उजाडला. रुग्णालयाच्या दाराशी फलक लागला. कुणाची पावले पन्नास हजार, कुणाची लाख. ओळंब्याच्या नावापुढे अकरा.

मेहुणा ही वार्ता घेऊन धावतच आला. "भावोजी, आठ दिवसांत अकरा पावलं? गोगलगाय विमान वाटायला लागली की तुमच्यापुढं! अहो, त्यात काय, बसल्या बसल्या मनगट हलवा. दहा हजार होतील."

"तुझ्या जिभेला बांधते ते यंत्र," ओळंब्याची बायको भावाला म्हणाली. "ती कधी थांबत नाही."

हसणे विरले, आणि ओळंबा मनगटाकडे पाहत राहिला. मग त्याला उमगले. हात हलला तर यंत्र पाऊल धरते. त्याचे दोन्ही हात तर वॉकरला घट्ट धरलेले! सज्जनहो, काय हा न्याय! मोडलेल्यांसाठी उपक्रम, मोडलेल्यांच्या नावाने आवाहन, आणि मोडलेला माणूस चालला तर त्याची चाल शून्य! ज्याच्या एका पावलात दहा जणांची धाप साठली आहे, त्याचेच पाऊल तेवढे हिशेबाबाहेर!

दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन संस्थेच्या कार्यालयात गेला. संयोजक बाई मायाळू होत्या. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"काका, नियमाप्रमाणे यंत्राचाच आकडा धरावा लागतो. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. समारोपाला जिद्दीचा पुरस्कार तुम्हालाच! मंचावर पहिली खुर्ची. आता चाललं नाही तरी चालेल."

ओळंब्याच्या कानशिलांत आग पेटली. ठेकेदाराच्या केळ्यांनी जे दुखले नव्हते, ते या खुर्चीने दुखले.

"बाई, खुर्चीवरून उठायलाच मी पाच महिने घालवलेत. पुन्हा खुर्चीतच बसवता? कौतुक नको मला. माझी चाल मोजा."

"पण मोजायची कशी?"

त्याने यंत्र सोडून त्यांच्या मनगटावर बांधले. वॉकर त्यांच्यापुढे ठेवला. स्वतः भिंतीला टेकून, बायकोचा खांदा धरून उभा राहिला.

"हात सोडायचे नाहीत. उजवा पाय मोडलाय असं समजा. दारापासून खिडकीपर्यंत जा."

बाई निघाल्या. सरकव, टेक, ओढ. सरकव, टेक, ओढ. खिडकीशी पोचेपर्यंत त्यांच्या कपाळावर थेंब आले होते. त्यांनी मनगट पाहिले. शून्य. वळल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"काका, ही फरशी केवढी असते?"

"दोन फूट. तुमच्या या खोलीत नऊ आहेत. आणि कडेचा कापलेला तुकडा पुरा धरायचा नाही. जे चाललो नाही ते नको मला."

त्या दिवशी नियम बदलला. काठी, कुबडी, वॉकर घेऊन चालणाऱ्याने जमीन मोजून सांगावी, सोबत एक साक्षीदार असावा, असे ठरले. ओळंब्याची साक्षीदार दारात बसून काज करी आणि प्रत्येक फेरीला खडूची एक रेघ ओढी. आणखी सात मोडलेल्या माणसांनी नावे दिली. महिना सरला तेव्हा ओळंबा नऊ किलोमीटर चालला होता. फलकावर तो तळाशीच होता. पण त्याच्या नावापुढचा आकडा त्याच्या पायांनी कमावलेला होता. मंचावरच्या खुर्चीत तो बसला नाही. वॉर्डात पाच नवे वॉकर आले त्या सकाळी तो तिथे होता, आणि एका घाबरलेल्या म्हातारबाईंना सांगत होता, "आधी हा सरकवा, आई. घाई नाही."

हे दयाघना, या कारागिराच्या खुब्यातली सळई वज्राची कर. त्या माउलीच्या सुईत कधी खंड पडू देऊ नकोस, त्या बोलघेवड्या मेहुण्याच्या मुखी गोडवा ठेव, त्यांच्या उंबऱ्याआत अन्न, हसू आणि तुझे नाव नांदू दे. कल्याण असो त्यांचे, कल्याण असो त्या घराचे.