खोडाला पाणी लावलं म्हणून

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सव्वादहाला, पंचफुला मेश्राम या माळीणबाईंना सौसरजवळच्या एका लग्नाच्या लॉनमधून काढून टाकलं. गेटवर, डेकोरेशनवाल्यांच्या देखत. आरोप असा की बाईनं खोडात पाणी ओतून महागाची झाडं मारली.

साफ खोटं. ती झाडं मी लावली होती, म्हणून सांगते.

मी पांढुर्ण्याच्या एका नर्सरीत आहे. बाग लावून देणं आणि मग मेंटेनन्स, हे माझं काम. उरलेल्या वेळात मजुरांच्या हक्कांची पत्रकं लिहिते. या लॉनमध्ये आम्ही हेलिकोनिया लावले, अगेव्ह लावले आणि मोठ्या कडुनिंबाखाली, हिरव्या जाळीच्या आडोशाला, ब्रोमेलियाड. हे अननसाच्या घराण्यातलं झाड. पानं मधोमध एकमेकांत घट्ट बसून वाटीसारखा खोलगा होतो, त्याला आम्ही कप म्हणतो. झाड पाणी पितं ते मुख्यतः या कपातून. मुळं असतात ती झाड धरून ठेवायला. म्हणून ते काळ्या मातीत लावत नाहीत, नारळाच्या साली आणि विटांच्या तुकड्यांत लावतात. पंचफुलामावशी रोज सकाळी ऊन चढायच्या आत कप भरायच्या. दर तीन-चार दिवसांनी पाईप मारून शिळं पाणी उडवायच्या, डास होऊ नयेत म्हणून.

मॅनेजर धोटेसाहेब मोहगावकडचे, घरची संत्र्याची बाग. संत्र्याच्या खोडाला पाणी लागलं की डिंक्या होतो, म्हणजे साल कुजून डिंक गळतो. म्हणून आपल्याकडे झाडाभोवती दोन आळी करतात. आतलं कोरडं ठेवायचं, पाणी बाहेरच्यात सोडायचं. साहेबांनी मावशींना थेट झाडाच्या पोटात पाणी ओतताना पाहिलं. त्याच आठवड्यात, हिवाळ्यात फुललेली दोन झाडं वाळलेली दिसली. झालं!

मी दुपारी पोचले.

"बाई खोडात पानी ओतून राहिली, आन तुमी म्हनता बरोबर हाय?"

"खोडात नाही साहेब, कपात."

"कोनता कप? चहाचा? शेंबडं पोट्टंही सांगन, खोडाले पानी लागलं का झाड गेलं."

"हा संत्रा नाही."

"झाड ते झाड. आन तुमची पत्रकबाजी इथं नोका करू."

मी तडक लॉनच्या मालकीणबाईंकडे गेले. म्हटलं, सहा झाडं साहेबांच्या पद्धतीनं, सहा मावशींच्या. कडुनिंब तोच, तीन आठवडे. आम्ही हरलो तर मी गेटवर माफी मागीन. जिंकलो तर मावशी कामावर परत, आणि साहेबांनी त्याच गेटवर बोलायचं. त्या हो म्हणाल्या.

मग मावशींच्या घरी गेले. वाटलं, खूश होतील.

"तू सायबाले आधीच काऊन नाई सांगतलं?"

"मेंटेनन्सचा कागद दिला होता, मावशी."

"कोनत्या भाषेतला?"

"...इंग्रजी."

"वा बाप्पा! साऱ्या जगाले मराठीत पत्रकं वाटतं, आन मॅनेजरले विंग्रजी!"

 

झाडं वाटायच्या वेळी मावशी म्हणाल्या, "ते दोन वाळलेले माह्या वाटनीले टाका." साहेब हसले. मी घाबरले. मावशींनी माझा हात धरला आणि वाळक्या पानांखाली, बुंध्याशी टेकवला. काहीतरी टणक, टोकदार लागलं. मी ती दोन्ही मावशींच्या नावावर लिहिली.

साहेबांनी आपल्या सहांचे कप रिकामे केले, बुंध्याशी काळी माती भरली, शिस्तीत दोन-दोन आळी काढली. मेहनत मनापासून केली, हे कबूल. तीन आठवड्यांनी मालकीणबाईंनी त्यातल्या एकाचं पान ओढलं. मधला गाभा अख्खा हातात आला, कुजलेल्या कांद्याच्या वासासकट. चार झाडं अशीच. उरलेली दोन तपकिरी.

मावशींची चार ताठ उभी. आणि वाळलेल्या दोघांच्या बुंध्याशी तीन-तीन हिरवी पिल्लं!

"केळ कशी?" मावशी म्हणाल्या. "एकडाव घड देते, मंग मरते, खाली पिल्लं सोडते. हेही तसंच. मारलं कोनी नाई, सायेब. त्याचं होऊन गेलं होतं."

पुढच्या सोमवारी, सव्वादहाला, त्याच गेटवर डेकोरेशनवाल्यांना मुद्दाम थांबवलं. साहेब म्हणाले, "झाडं बाईनं नाई मारली. मले समजलं नाई." मोठ्यानं म्हणाले, खाली न बघता. मग मावशींकडे वळून, "मंग रोज किती पानी द्याचं, बाई?"

"कपभर," मावशी म्हणाल्या. "चहाचा नाई."

मालकीणबाईंसकट सगळं गेट हसलं. कागद मी त्याच दिवशी मराठीत लिहिला. आता तो पंपघराच्या दारावर चिकटवलेला आहे, खाली सही पंचफुला मेश्राम यांची.

संत्र्याचा नियम संत्र्याला लावावा. आणि तुम्ही, ज्यांच्या बागेत दुसऱ्याचे हात राबतात, तुमचं झाड वाळलं तर कोणाला गेटबाहेर काढण्याआधी गुडघे टेका, बुंध्याशी हात घाला, आणि पाणी घालणाऱ्या बाईला विचारा. तिचं नाव माहीत नसेल, तर ते आजच विचारून घ्या.