वीज गेली तर

फ्रीज दुरुस्तीत हयात घालवलेल्या मिस्त्रींच्या लेकीने कॅन्सरच्या उपचारांआधी आपली स्त्रीबीजं गोठवून ठेवली होती. तेव्हापासून वीज गेली की मिस्त्री ती परत येईपर्यंत मिनिटं मोजत बसायचे. कॉम्प्रेसर कधी दगा देईल याचा नेम नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. शेवटी ते बीजं ठेवलेल्या दवाखान्यात धडकले.

"जनरेटर दाखवा."

"काका, बीजांची ही टाकी विजेवर चालतच नाही," टाकी सांभाळणारी बाई म्हणाली. "आत बर्फाहून कितीतरी थंड असा द्रव नायट्रोजन असतो. तो उडून जातो, म्हणून मी पट्टी बुडवून पातळी बघते आणि वरून ओतते."

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला. मग त्यांची नजर तिच्या हातांवर खिळली.

"तुम्ही रजेवर गेलात की?"

"दुसरी येते."

"ती विसरभोळी नाही ना?"

हसू दाबत बाईने पट्टी बुडवून दाखवली. बाहेर काढलेल्या पट्टीवर बर्फाची पांढरी रेघ वरपर्यंत आली; टाकी भरलेली होती. आजचा दिवस तरी निभावला.