दोमितिलाची हाक

अत्रातो नदीकाठच्या आमच्या गावात "दोमितिला" म्हणून हाक मारली की निम्म्या बायका वळून बघतात. नदीपलीकडे हे नाव कुणाला ठाऊक नाही.

नाव आमच्या सुईणीचं. जन्मल्यावर जी मुलगी रडत नाही, तिला दोमितिला आजी आपलं नाव देते.

"माझ्या मुलीचं नाव शर्लिन," कळा सोसतानाही माझी बहीण युर्लेदी म्हणाली. "तुझं नाव फार म्हातारं आहे, आजी."

"बरं बाई. तिला नुसतं रडायला सांग."

मुलगी आली ती निळसर, गप्प. आजी तिची पाठ चोळत राहिली. युर्लेदी माझा हात सोडेना.

"आजी, दे गं. तुझंच दे."

आजीने बाळाच्या कानाशी हाक मारली, "दोमितिला!"

अंगणात मासे साफ करणाऱ्या बाईने ओ दिली. मग शेजारणीने, मग नदीवर धुणं धुणाऱ्यांनी. आजी हाका मारत होती, गाव ओ देत होतं. मीही दिली; माझंही नाव तेच.

"आता तू, बये," आजी बाळाला म्हणाली.

आणि बाळाने सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांहून मोठ्याने ओ दिली.