डबल्सचा माणूस

व्यंकटेश गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकलूजला, शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव घेत होतो. फोन त्याच्या बायकोचा, राजेश्वरीचा. "सर, ते गेले," एवढंच ती म्हणाली आणि मागून त्याच्या आईचं तेलुगूतलं रडणं ऐकू आलं. मी "बरं" म्हणालो. अशा बातमीला माणूस "बरं" कसं म्हणतो, ते मला अजून कळलेलं नाही... आम्ही सगळेच कितीतरी दिवस या फोनची मनाशी तयारी करत होतो. ती झालेली नव्हती, एवढंच त्या क्षणी कळलं.

व्यंकटेश आणि मी सोलापुरात शाळेत एका वर्गात. माझं घर सात रस्त्याजवळ, वडील शिक्षक. त्याचं भवानी पेठेत, वडील चादरीच्या मागावर. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी दोघांच्या हातात टेनिसची रॅकेट दिली आणि ती आमच्याकडून सुटली नाही. सिंगल्स तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला खेळायचा, पण त्याचा जीव डबल्समध्ये. कारण विचारलं तर म्हणायचा, "एकट्यानं जिंकून बोलायचं कुणाशी?" पुण्यातले चांगले खेळाडू त्याला जोडीला बोलवायचे. तो जायचा नाही. मी साधारण खेळाडू, हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, आणि स्पर्धेच्या अर्जावर त्याच्या नावाशेजारी नेहमी माझंच नाव असायचं. पुढं मला अकलूजला शाळेत नोकरी लागली, तो क्लबवर मुलांना शिकवायला लागला, तरी रविवारचा सराव चुकला नाही.

सोलापुरात पुरुषांची व्यावसायिक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, त्या वर्षी डबल्समध्ये स्थानिक जोडी म्हणून आम्हाला थेट प्रवेश मिळाला. आमची तिशी जवळ आलेली. समोर पहिल्याच फेरीत दोन उंच परदेशी पोरं, त्यांच्या सर्व्हिसचा आवाजच निराळा. पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा कसाबसा आम्ही. डबल्समध्ये तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक असतो. त्याच्या आधी व्यंकटेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सुध्या, तू फक्त परत टाक. पुढचं माझ्यावर सोड." मी परत टाकत राहिलो आणि नेटपाशी तो काय काय करत राहिला, ते मला धड बघताही आलं नाही. आम्ही जिंकलो. दुसऱ्या फेरीत आमचा पार धुव्वा उडाला, पण त्या एका विजयाचे गुण मिळाले आणि डबल्सच्या जागतिक क्रमवारीत आमची नावं लागली. त्यानं मोबाइलवर ती आईला दाखवली. तो बोटानं यादी खाली सरकवत राहिला, सरकवत राहिला, आणि त्या कंटाळून म्हणाल्या, "ह्यात तू कुटं हाय रे? लई खाली हाय की." तो इतका हसला, की त्याच्या हातातला मोबाइल खाली पडला.

हे गुण वर्षभर टिकतात. पुढच्या स्पर्धेत जिंकला नाहीत तर नाव निघून जातं. त्याच वर्षात त्याचे पाय सुजायला लागले. आधी बूट बदलून पाहिले. मग तपासण्या झाल्या आणि दोन्ही किडन्या जवळपास निकामी झाल्याचं कळलं. डायलिसिस सुरू झालं. क्रमवारीतून नाव गेलं त्या दिवशी मी त्याच्याजवळ होतो. त्यानं मोबाइल बघितला, खिशात ठेवला आणि मला चहा पिणार का विचारलं.

नंतर आईनं त्याला किडनी दिली. दीडएक वर्ष सगळं बरं चाललं. चेहऱ्यावर रंग आला, तो पुन्हा मुलांना शिकवू लागला, डॉक्टर नको म्हणत असताना हळूहळू खेळायलाही लागला. शहरात पुन्हा स्पर्धा आली तेव्हा या खेपेला थेट प्रवेश तरुण पोरांना मिळाला, आणि ते योग्यच होतं. आम्ही राखीव जोडी म्हणून नाव दिलं. राखीव म्हणजे कुणी ऐनवेळी माघार घेतली तरच खेळायचं. दिवसभर आम्ही बूट बांधून कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली बसून होतो. एकामागून एक जोड्या आत जात होत्या, सगळ्या ठणठणीत. दुपारी तो म्हणाला, "बघ की, मी हितं बसून कुणी आजारी पडतंय का याची वाट बघतोय." मी हसलो नाही. तोही नाही. शेवटच्या जोड्या कोर्टवर गेल्या, पंचांनी नाणं उडवलं, आणि पहिली सर्व्हिस पडल्यावर तो वाकून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. "चल," म्हणाला. त्यानंतर तो कोर्टवर उतरला नाही.

काही महिन्यांतच त्याच्या शरीरानं ती किडनी नाकारली. पुन्हा डायलिसिस, मग न्यूमोनिया, मग आयसीयू. मी सुट्टीच्या दिवशी अकलूजहून यायचो. शेवटच्या भेटीत तो डोळे मिटून पडून होता. उठताना मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो." त्यानं नुसती मान हलवली. ती येण्याला हो होती की आणखी कशाला, मला सांगता येणार नाही...

दिवसकार्य झालं त्या दिवशी त्याच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. लोक त्यांना म्हणत होते, तुम्ही तर तुमच्याकडचं सगळं दिलंत. त्या कुणाकडं न बघता म्हणाल्या, "दिलं की. पण माझंच टिकलं न्हाय."

गेल्या रविवारी बऱ्याच दिवसांनी क्लबवर गेलो. चौघांत एकजण कमी होता, म्हणून मला उभं केलं. जोडीदार नवीन, चांगला मुलगा. मी नेहमीसारखा उजवीकडं उभा राहिलो. थोड्याच वेळात एक चेंडू आमच्या दोघांच्या मधून, जरा माझ्याच बाजूनं आला. वेगही फारसा नव्हता. व्यंकटेश डावीकडून खेळायचा, मधला चेंडू त्याच्या फोरहँडवर यायचा, त्यामुळं मधला चेंडू त्याचा. हे आम्ही कधी बोलून ठरवलेलं नव्हतं. मी रॅकेट खाली घेतली आणि त्याला वाट करून देण्यासाठी एक पाऊल बाजूला झालो. चेंडू मोकळ्या जागेतून गेला आणि मागच्या जाळीला लागला.

"सर, तुमचा होता की," तो मुलगा म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो, आणि चेंडू आणायला गेलो.