नव्या कोर्टाचे पहिले साहेब

कोर्टात पंचवीस वर्षं स्टेनोगिरी केली की दुसऱ्यांची भांडणं टाईप करता करता आपल्याकडं किस्से कधी साठले ते कळतच नाही! माझ्याकडचे बरेचसे एकाच माणसाचे आहेत. नव्वदीच्या दशकात आष्ट्याच्या पुढं आमच्या गावाला कोर्ट मिळालं. त्याआधी सगळे सांगलीला हेलपाटे घालायचे. या नव्या कोर्टाचे पहिले जज्ज म्हणजे आमचे साहेब. पन्नाशीचे, विधुर, एकटेच राहायचे.

पहिल्या दिवशी अर्धा गाव हार-नारळ घेऊन दारात! साहेबांनी सगळ्यांना हात जोडले, पण घेतलं काहीच नाही. सरपंच चिडले. "आवं साहेब, नारळच हाय, बॉम्ब न्हाई!"

साहेब म्हणाले, "उद्या निकाल तुमच्या विरुद्ध गेला, तर फोडलेला नारळ परत कसा करू?"

सरपंच नारळ घेऊन घरी गेले.

*

वकिलांना बारापर्यंत यायची सवय. साहेब अकराच्या ठोक्याला डायसवर! समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. तरी शिपाई व्हरांड्यात जाऊन नावं पुकारायचा आणि साहेब वाट बघत बसायचे. सांगलीचे एक बुजुर्ग वकील धापा टाकत आले. "साहेब, एसटी पंक्चर झाली!"

"मग आदल्या दिवशीच्या एसटीनं या!"

पुढच्या सोमवारी पावणेअकरालाच हॉल भरला. त्या कोर्टात ती शिस्त अजून आहे.

*

साहेब केस कापायला सांगलीला जायचे. कारण गावातल्या एकुलत्या एक सलूनवाल्या दत्तूचा भावाशी भिंतीवरून दावा चालू होता. दत्तूला ते लय लागलं. त्यानं भावाशी तडजोड केली आणि भर कोर्टात म्हणाला, "आवं साहेब, मिटवलं समदं! आता तरी दाढीला या!"

हॉलभर हशा. साहेब गंभीरपणे म्हणाले, "अपिलाची मुदत जाऊ दे."

तडजोडीवर अपील नसतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं थोडंच!

*

संध्याकाळी ते उसातल्या रस्त्यानं एकटेच फिरायचे. समोरून कुणी आलं की नमस्कार करून माघारी वळायचे. एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, आमच्याकडं एकदा जेवायला या."

"कदम, तुमच्या चुलत्याचा दावा माझ्याच बोर्डावर आहे."

चुलत्याशी आमचं सात वर्षं बोलणं नव्हतं! मी तणतणत घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "या माणसाला माणसंच नकोत." त्या बोलण्याची आज लाज वाटते.

*

तीन वर्षांनी साहेबांची साताऱ्याला बदली झाली. दुपारी चार्ज दिला, सही केली आणि ते सरळ माझ्या टेबलापाशी आले. "कदम, आता मी इथला कुणी नाही. आज जेवायला आलो तर चालेल?"

बायकोनं धावपळ करून भरलं वांगं आणि भाकरी केली. साहेब मनापासून जेवले. हात धुऊन सतरंजीवर टेकले. मी सुपारी पुढं केली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी नुसताच अडकित्ता उघडत-मिटत बसलो.

शेवटी साहेब अवघडून, हळू आवाजात म्हणाले, "कदम, जेवण झाल्यावर लोक काय बोलत बसतात हो?"