काडतुसांची लांबी

वेरिबीत आमच्या शेजारच्या घरात एक गृहस्थ एकटेच राहायचे. ऐंशीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला. चाळीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात घालवलेला माणूस. तोंडाने आम्ही एकमेकांना ‘मेट’ म्हणायचो, पण मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहोच करत असे.

मी मूळचा पुण्याचा. भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला होतो, आणि इथे आल्यावरही तेच काम मिळालं. मग इथला कारखाना बंद पडला आणि मी एका वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सांभाळू लागलो. तिथे मोजमापाच्या व्हर्नियरला हात लावायची वेळच यायची नाही. खोकी आली, खोकी गेली. अशाच एका शनिवारी सकाळी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, “तू इन्स्पेक्टर होतास ना? मग जरा इकडे ये. माझी काडतुसं एका लांबीची होत नाहीयेत.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण शेडमध्ये टेबलावर खरोखरच वीस काडतुसं रांगेत मांडली होती. ते रायफल क्लबमध्ये निशाणेबाजी करायचे आणि काडतुसं स्वतः भरायचे. एकदा उडवलेली पितळी पुंगळी साफ करायची, मापात आणायची, बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू वजन करून भरायची, आणि शेवटी प्रेसचा दांडा ओढून वरून गोळी दाबून बसवायची. गोळी किती आत गेली त्यावर काडतुसाची लांबी ठरते. ती दर वेळी वेगळी आली की नेम फाकतो.

मी मोजली. इंचाच्या हजाराव्या भागाला ते ‘थाऊ’ म्हणत. कुठे आठ थाऊ जास्त, कुठे पाच कमी.

“तुम्ही टोकापासून मोजताय,” मी म्हणालो. “टोकं मुळातच सारखी नाहीत. डब्यातून निघतानाच वाकडीतिकडी येतात. जिथे गोळी पूर्ण जाड होते तिथून मोजायला हवं. आणि तुमच्या प्रेसवरच्या साच्यातली, डायमधली, दाबणारी कांडीही टोकावरच टेकतेय, म्हणून प्रत्येक गोळी वेगळी बसते.”

त्यांनी एक गोळी उजेडात धरून तिचं टोक निरखलं. मग उठून लेथ सुरू केली. तासाभरात मोजण्यासाठी एक पितळी कडं तयार झालं आणि कांडीचं टोक आतून पोखरून झालं, म्हणजे ती आता गोळीच्या खांद्यावर टेकणार. पुढच्या शनिवारी वीसच्या वीस काडतुसं एका थाऊच्या आत आली. “ब्यूटी!” म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला.

त्यानंतरची दोन वर्षं चांगली गेली, हे लिहायला हवं, कारण पुढे चांगलं काही नाही. मी रीतसर लायसन्स काढलं. बायको म्हणाली, “घरात बंदूक आली तर मी बाहेर.” म्हणून मी क्लबचीच रायफल वापरायचो. शनिवारी काडतुसं भरायची, रविवारी रेंजवर जायचं. कारखाना सुटल्यापासून आपण काही नीट करतोय असं मला फक्त त्या शेडमध्ये वाटायचं.

मग लांबी पुन्हा बिघडली. आधी वीसात एखादं, मग तीन-चार.

मी कामाला लागलो. डायची लॉक रिंग सैल झाली असेल म्हणून ती आवळली. पुंगळ्या बऱ्याचदा वापरून कडक झाल्या असतील, पुंगळीच्या कडक मानेत गोळी अडून बसते, म्हणून माना तापवून मऊ केल्या. मग नव्या पुंगळ्याच आणल्या. तरीही लांबी जुळेना. कुठे वीस थाऊचा फरक यायला लागला. कारखान्यात असताना मी शिकलो होतो की मशीन, माल आणि पद्धत तपासून झाली की उरतो तो माणूस. पण इथे तो विचार मनात येऊनही मी बाजूला सारत होतो.

जूनमधल्या एका शनिवारी मी म्हणालो, “आज दहा तुम्ही करा, दहा मी करतो.” माल एकच, प्रेस एकच. माझी दहा सारखी आली. मग मी स्टुलावर बसून त्यांच्याकडे पाहत राहिलो. दोन काडतुसं झाली की ते डायवरचा, गोळी किती आत जाईल ते ठरवणारा स्क्रू जरासा फिरवायचे. पुन्हा दोन झाली की पुन्हा.

“स्क्रू कशाला फिरवताय?”

“कुठे? मी हातही लावला नाही.”

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला ते कळलं.

ते आत चहा करायला गेले तेव्हा मी त्यांची दहा काडतुसं एकेक करून वजनकाट्यावर घातली. एक हलकं भरलं. हलवून पाहिलं, आतून आवाज नाही. दारू भरायचीच राहून गेली होती. असं काडतूस उडवलं की नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते. ते लक्षात न येता पुढचं झाडलं, तर नळी फुटते. समोर त्यांचा चेहरा असतो.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. ते चहा घेऊन आले, दोन मगांत, माझ्यात बरोबर अर्धा चमचा साखर. मी चहा पिऊन टाकला. जाताना त्यांच्या डब्यातली दहा काढून घेतली आणि माझी दहा ठेवली.

तेच मी पुढे तीन-चार महिने केलं. ते भरायचे, मी बदलायचो. रविवारी ते माझी काडतुसं उडवायचे. सप्टेंबरमध्ये एकदा पाच गोळ्या इतक्या जवळ लागल्या की पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली. त्यांनी तो कागद फ्रिजवर लावला. “अजून जमतंय, मेट,” ते म्हणाले. मी हसलो. त्या आठवड्यात ते गॅस चालू ठेवून दुकानात गेले आणि रस्ता चुकून स्टेशनवर सापडले.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, त्यांना सांग.” मी त्यांना सांगितलं नाही. मी त्यांच्या मुलीला फोन केला.

ती आली, डॉक्टरकडे घेऊन गेली, तपासण्या झाल्या. लायसन्स गेलं. पोलीस येऊन त्यांच्या दोन्ही रायफली शांतपणे घेऊन गेले. बोलता बोलता मुलीने बापाला सांगून टाकलं की शेजाऱ्यानेच कळवलं.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. आत या म्हटलं, आले नाहीत.

“तुला केव्हापासून ठाऊक होतं?”

“जूनपासून.”

“आणि रेंजवर मी उडवत होतो, ती?”

मी खाली पायपुसण्याकडे पाहिलं.

“ती तुझी होती,” ते म्हणाले. “म्हणजे फ्रिजवरची ती पाच भोकं पण.”

“तुम्हाला इजा झाली असती.”

“तू मोजलंस आणि मला सोडून बाकी सगळ्यांना सांगितलंस. मला सांगितलं असतंस तर बंदुकांच्या कपाटाची किल्ली मी स्वतः तुझ्या हातात दिली असती.”

खरंच दिली असती का, मला माहीत नाही. कदाचित भांडले असते. कदाचित दुसऱ्या दिवशी विसरलेही असते. मी त्यांना ती संधीच दिली नाही.

ख्रिसमसच्या आधी मुलीने त्यांना एका वृद्धाश्रमात ठेवलं, इथून गाडीने दहा मिनिटांवर. घर विकलं गेलं. नव्या मालकाने शेड पाडून तिथे सिमेंट ओतलं. मी क्लब सोडला. लायसन्सची मुदत संपली, ती वाढवली नाही.

महिन्यातून एकदा मी त्यांना भेटायला जातो. ते पुष्कळ विसरलेत. मुलीचं नाव चुकतं, बायको स्वयंपाकघरात आहे असं सांगतात. नर्स म्हणाली, सगळ्यांशी छान बोलतात, गमती करतात. मला वाटलं, एवढं गेलंय तर माझ्यावरचा रागही गेला असेल. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. तेवढं त्यांच्या लक्षात आहे. मी अर्धा तास त्यांच्या पाठीमागे बसतो, वेअरहाऊसमधलं काहीबाही सांगतो. ते वळत नाहीत. मग जेवणाची ट्रॉली येते, नर्स त्यांच्या गळ्यात रुमाल बांधते, आणि मी निघतो.